ज्यू साहित्य महोत्सवात स्थानिक लेखक म्हणून पुस्तक मांडताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील अनेक शहरांत ज्यू समाजकेंद्रे दर वर्षी पुस्तक महोत्सव भरवतात आणि त्यात नामवंत पाहुण्यांच्या कार्यक्रमांबरोबरच एक संध्याकाळ किंवा एक रविवार स्थानिक लेखकांसाठी राखून ठेवतात. त्या परिसरात राहणारे आठ-दहा लेखक आपापली पुस्तके घेऊन येतात, प्रत्येकाला व्यासपीठावर काही मिनिटे बोलायला मिळते आणि त्यानंतर सर्व जण आपापल्या टेबलाशी बसून वाचकांना भेटतात. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली आहे. अलिबागजवळच्या आमच्या गावातील आजीच्या घराविषयी मी इंग्रजीत एक लहान पुस्तक लिहिले आणि ते घेऊन अशा कार्यक्रमात दोन वर्षे सहभागी झाले. पहिल्या वर्षी माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतील बहुतेक कोणी आधी सांगितले असते तर टळल्या असत्या. त्यानंतर ओळखीतल्या काही मराठी कुटुंबांनी तेच प्रश्न मला फोनवर विचारले, म्हणून सर्व माहिती एकदाच क्रमाने लिहून ठेवत आहे.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिलेच पुस्तक हाती असलेल्या मराठी लेखकांसाठी आहे. आपण बेने इस्रायली नसाल, परंतु पेण-पनवेलच्या ज्यू शेजाऱ्यांविषयी किंवा मुंबईच्या एखाद्या सिनेगॉगविषयी (ज्यूंच्या प्रार्थनागृहाविषयी) लिहिले असेल, तरीही पुढील बहुतेक सूचना आपल्याला लागू पडतील.

१. महोत्सवाचे वर्ष कसे चालते ते समजून घ्या

बोस्टन सार्वजनिक ग्रंथालयाच्या वेस्ट एंड शाखेच्या ग्रंथपाल फॅनी गोल्डस्टीन यांनी १९२५ मध्ये ज्यू विषयांवरील पुस्तकांचे एक प्रदर्शन मांडले होते. त्यातूनच पुढे 'ज्यूइश बुक वीक' रूढ झाला आणि १९४३ पासून त्याचा पूर्ण महिना झाला. हा महिना हनुक्का या दिव्यांच्या ज्यू सणाच्या लगेच आधी येतो, त्यामुळे अमेरिकेतील बहुतेक महोत्सव ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत भरतात आणि हनुक्काच्या भेटवस्तूंची खरेदीही त्याच सुमारास होते. याला अपवाद आहेत. व्हँकुव्हरचा महोत्सव फेब्रुवारीत असतो, तर १९५२ पासून चालत आलेला लंडनचा 'ज्यूइश बुक वीक' फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुमारास होतो. म्हणून आपल्या शहराचे वेळापत्रक प्रथम पाहावे.

नोव्हेंबरचा कार्यक्रम म्हणजे नोव्हेंबरची तयारी नव्हे. अर्ज साधारणपणे हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात मागवले जातात, निवड उन्हाळ्यात होते आणि कार्यक्रमपत्रिका ऑगस्टच्या सुमारास छापायला जाते. पत्रिका छापून झाल्यावर नाव घालून घेण्याची विनंती कोणीही मान्य करत नाही. मी पहिल्यांदा चौकशी केली ती सप्टेंबरमध्ये, आणि माझे एक वर्ष तेथेच गेले.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पत्रव्यवहार करताना सण लक्षात ठेवा. ज्यांना आपल्या आज्या नव्याचा सण आणि दारफाळणीचा सण म्हणत, ते रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपवास) याच काळात येतात. त्यांच्या मागोमाग सुक्कोथ हा मांडवांचा सण येतो आणि अनेक केंद्रांची कार्यालये मधले कित्येक दिवस बंद असतात. शुक्रवारी दुपारनंतर पाठवलेल्या पत्राचे उत्तर रविवारपूर्वी येईल अशी अपेक्षा ठेवू नये. सण आणि शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) यांवर आपले काम अडवून ठेवण्यापेक्षा शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधीच सर्व काही पाठवून मोकळे व्हावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. न्यूयॉर्कची 'ज्यूइश बुक कौन्सिल' ही संस्था देशभरातील महोत्सवांसाठी लेखकांच्या दौऱ्यांची योजना चालवते. त्यात लेखकाने देशभरातल्या आयोजकांसमोर आपल्या पुस्तकाविषयी दोन मिनिटे बोलायचे असते. ही योजना आणि आपल्या शहरातील स्थानिक लेखकांचा कार्यक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थानिक कार्यक्रमासाठी अर्ज थेट आपल्या समाजकेंद्राकडे करायचा असतो, आणि तो बहुधा तेथील स्वयंसेवकांची समिती वाचते.

२. आपण पात्र आहोत का, हे नियमावलीतून तपासा

प्रत्येक केंद्राचे नियम वेगळे असतात, तरी चार अटी पुन्हा पुन्हा आढळतात: लेखक त्या परिसरात राहणारा असावा, पुस्तक गेल्या एक-दोन वर्षांत प्रसिद्ध झालेले असावे, पुस्तकाचा विषय किंवा लेखक यांचा ज्यू जीवनाशी संबंध असावा, आणि पुस्तक विक्रीसाठी उपलब्ध असावे. स्वतः छापलेल्या पुस्तकांना मुख्य व्यासपीठावर क्वचितच स्थान मिळते, परंतु स्थानिक लेखकांच्या कार्यक्रमात ती सहसा चालतात. हीच या कार्यक्रमाची मोठी सोय आहे.

केवळ मराठीत असलेले पुस्तक श्रोत्यांना वाचता येणार नाही, हे समितीच्या मनात येणारच. अशा वेळी पुस्तकातील एखाद्या प्रकरणाचा चांगला इंग्रजी अनुवाद करून तो अर्जाबरोबर जोडावा आणि टेबलावर ठेवण्यासाठी त्याची लहान पुस्तिका छापून घ्यावी.

व्हिसावर राहणाऱ्यांनी पुढील वाक्य दोनदा वाचावे. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बीधारकाचे कुटुंबीय) सारख्या व्हिसावर असताना काम करण्याची परवानगी हाती नसेल, तर स्वतः छापलेले पुस्तक टेबलावर बसून विकणे हेसुद्धा काम मानले जाऊ शकते. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असलेल्यांनाही ती परवानगी ठरावीक नोकरीपुरतीच असते. भाषण करणे आणि पैसे घेणे यांत फरक आहे. तो आपल्या बाबतीत नेमका कोठे पडतो, हे इमिग्रेशन वकिलाला आधी विचारून घ्यावे. आयोजक आपल्याला हा प्रश्न विचारणार नाहीत, कारण ती जबाबदारी त्यांची नाही.

३. पुस्तकाची कागदपत्रे जुळवा

पुढील गोष्टी एका फोल्डरमध्ये अर्जाच्या आधीच तयार असाव्यात.

- पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तक ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. छापील आवृत्ती आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.
- मुखपृष्ठाचे छपाईयोग्य छायाचित्र आणि लेखकाचे अलीकडचे छायाचित्र.
- पुस्तकाचा परिचय पन्नास शब्दांत आणि दीडशे शब्दांत, असा दोन प्रकारे.
- लेखकाची शंभर शब्दांची ओळख. तिच्यात आपण त्या परिसरात किती वर्षे राहत आहोत, याचा उल्लेख असावा.
- समितीला वाचायला द्यायच्या दोन-तीन प्रती आणि पुस्तकाची पीडीएफ.
- पत्त्याचा पुरावा, जर मागितला असेल तर.
- करासाठीचा डब्ल्यू-९ नमुना, जर विक्री केंद्राच्या दुकानामार्फत होणार असेल तर.
- पुस्तकात वापरलेल्या इतरांच्या छायाचित्रांची व उताऱ्यांची लेखी परवानगी.

आयएसबीएनबाबत पुष्कळ गोंधळ होतो. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि कॅनडात तो राष्ट्रीय ग्रंथालय देते. अमेरिकेत मात्र तो बोकर या कंपनीकडून विकत घ्यावा लागतो. ॲमेझॉनवर पुस्तक छापताना फुकट मिळणारा क्रमांक अन्य कोणत्याही छपाईसाठी वापरता येत नाही, आणि पुस्तकांची स्वतंत्र दुकाने अशी प्रत ठेवायला बऱ्याचदा तयार नसतात. महोत्सवातील विक्री एखाद्या स्थानिक दुकानाकडे सोपवलेली असेल, तर हीच अडचण ऐन वेळी उभी राहते. त्यामुळे विक्री कोण करणार हे आधी विचारून मगच कोणता क्रमांक घ्यायचा ते ठरवावे.

पुस्तक पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाने काढले असेल, तर अमेरिकेत प्रती विकण्याचा हक्क करारानुसार कोणाकडे आहे ते पाहावे आणि प्रकाशकाकडून तसे एका ओळीचे पत्र मागून घ्यावे.

डब्ल्यू-९ नमुन्यात सोशल सिक्युरिटी क्रमांक लिहावा लागतो. तो भरलेला नमुना साध्या ईमेलने पाठवू नये. लेखनाचा व्यवसाय म्हणून स्वतंत्र करक्रमांक अमेरिकेच्या करखात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, आणि तो वापरणे अधिक सुरक्षित आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून दूर राहावे.

परवानग्यांविषयी थोडे अधिक. १८७४ साली पुण्यात छापलेला, मराठी भाषांतर असलेला हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायचे पुस्तक) आपल्या लोकांच्या पुस्तकांत हमखास डोकावतो, कारण त्यातील चित्रांमध्ये आपल्याकडच्या वेशातील बायका सणाच्या बिनखमिरी भाकरी करताना दिसतात. मूळ पुस्तक स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेले असले, तरी ज्या ग्रंथालयाच्या छायाप्रतीवरून आपण चित्र घेतो, त्या ग्रंथालयाच्या वापराच्या अटी असू शकतात. त्या वाचाव्यात आणि चित्राखाली ग्रंथालयाचे नाव द्यावे. कुटुंबातील जुन्या छायाचित्रांबाबत भावंडांची संमती आधीच घेतलेली बरी. इस्रायलमधल्या चुलत्यांनी आपले आई-वडील परक्या सभागृहाच्या पडद्यावर अचानक पाहावेत, अशी वेळ येऊ देऊ नये.

४. अर्जातील परिचय स्वतः लिहा

समितीतील स्वयंसेवक शेकडो परिचय वाचतात. 'दोन हजार वर्षांची विलक्षण गाथा' अशा शब्दांनी त्यांच्या हाती काहीच लागत नाही. पुस्तक कोणाविषयी आहे, कोठे घडते आणि त्यात काय पणाला लागले आहे, हे पहिल्या दोन वाक्यांत यावे. बेने इस्रायल हा शब्द त्यांना परिचित असेलच असे नाही, म्हणून तो एकदाच आणि थोडक्यात समजावून द्यावा.

मराठी शब्दांचे इंग्रजी स्पेलिंग अर्जात, पुस्तकात आणि फलकावर एकच ठेवावे. मलिदा (आपल्याकडचा पोह्यांचा गोड पदार्थ) हा शब्द मी तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला होता, आणि पत्रिकेत चौथाच प्रकार छापून आला.

५. व्यासपीठावरची पाच मिनिटे

सर्वांत जास्त वेळ या तयारीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. पाच मिनिटे म्हणजे इंग्रजीत शांतपणे वाचल्यास जेमतेम सहाशे शब्द होतात. श्रोत्यांची हालचाल, माईक जुळवणे आणि आपले थांबणे धरून साडेपाचशेच लिहावेत. वेळ संपल्यावर बहुतेक ठिकाणी घंटा वाजते किंवा पुढच्या रांगेतून पाटी दाखवतात.

पहिल्या वर्षी मी त्या पाच मिनिटांत आपला सारा इतिहास बसवू पाहिला. जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, गावांच्या नावांवरून पडलेली पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर ही आडनावे, सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत १७९६ साली बांधलेले पहिले सिनेगॉग, इस्रायलच्या स्थापनेनंतरचे स्थलांतर आणि १९६० च्या दशकात तेथे विवाहनोंदणीवरून झालेला वाद, असे सर्व मी भराभर सांगत गेले. घंटा वाजली तेव्हा माझ्या पुस्तकाचे नावदेखील उच्चारून झालेले नव्हते. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, पण नंतर टेबलाशी फार कोणी थांबले नाही.

जे थांबले, त्यांच्यात एक वयस्कर गृहस्थ होते. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेलाच्या लाकडी घाण्याचे जुने छायाचित्र आहे. कोकणात आपले लोक तेल गाळण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत, एवढे मी त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा वर केला, छायाचित्रातल्या बैलावर बोट ठेवले आणि विचारले, "शनिवारी या बैलालाही सुट्टी असे का?" दहा आज्ञांपैकी शब्बाथच्या आज्ञेत गुराढोरांनाही विश्रांती द्यावी असे म्हटले आहे, तेच त्यांच्या मनात होते. त्या क्षणी मला आजीचे बोलणे आठवले. शुक्रवारी दिवस कलू लागला की बैलाच्या डोळ्यांवरची झापडे काढून ती खुंटीला टांगत, आणि रविवारी सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे. हे माझ्या पुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर एका ओळीत होते, आणि ते महत्त्वाचे आहे हे मला स्वतःलाच कळले नव्हते.

दुसऱ्या वर्षी मी त्या झापडांपासून सुरुवात केली. पहिल्या वर्षी चाळीस प्रती नेल्या होत्या आणि तेरा विकल्या गेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी तेवढ्याच नेल्या आणि नऊ परत आणल्या. त्याहून समाधान याचे वाटले, की लोक माझ्याशी घाण्याविषयी, आजीविषयी आणि शेवटी स्वतःच्या आज्यांविषयी बोलत राहिले.

म्हणून आपल्या पुस्तकातील अशी एक वस्तू किंवा एक प्रसंग निवडावा, जो श्रोत्यांच्या परंपरेला आतून माहीत आहे आणि तरीही आपल्या गावाखेरीज कोठेही त्या रूपात सापडणार नाही. त्यानंतर पुस्तकातील एक परिच्छेद वाचावा, बेने इस्रायल कोण हे दोन वाक्यांत सांगावे आणि पुस्तकाचे नाव स्पष्ट उच्चारून थांबावे. त्या परिच्छेदात आजीचे एखादे मराठी वाक्य असेल तर ते मराठीतच वाचावे आणि मग त्याचा अर्थ सांगावा. आपण उच्चारलेला 'ळ' त्या सभागृहात बहुतेकांनी प्रथमच ऐकलेला असतो, आणि मराठी ही ज्यूंची घरची भाषा आहे हे त्यातून जितके पटते तितके कोणत्याही स्पष्टीकरणातून पटत नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगते.

परंपरा आणि इतिहास यांची गल्लत करू नये. नवगावच्या जहाजफुटीची कथा सांगताना 'आमच्या परंपरेनुसार' हे शब्द अवश्य वापरावेत, कारण श्रोत्यांमध्ये इतिहासाचे प्राध्यापक असतात आणि त्यांनी काळाविषयी प्रश्न विचारल्यास आपल्याला गडबडायला होते.

कोचीनचे ज्यू, बगदादी ज्यू आणि बेने इस्रायल यांत श्रोते हमखास घोटाळा करतात. कोचीनच्या समाजाची भाषा मल्याळम. बगदादी मंडळी डेव्हिड ससून यांच्यासारख्या व्यापाऱ्यांबरोबर एकोणिसाव्या शतकात अरबी बोलत मुंबईत आली. आपण कोकणातले आणि मराठी बोलणारे. एवढा फरक पुरे होतो.

'तुमच्या घराण्याने ज्यू धर्म कधी स्वीकारला?' हा प्रश्न येतो, आणि तो मनाला लागतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. माझे उत्तर ठरलेले आहे: आमच्या आठवणीच्या पलीकडच्या काळापासून आम्ही मुलांची सुंता आठव्या दिवशी करतो, शब्बाथ पाळतो आणि शमा ही ज्यूंची मुख्य प्रार्थना म्हणतो. एवढे सांगून मी शांतपणे पुढच्या प्रश्नाकडे वळते. आवाज चढवून दिलेल्या उत्तराने तो सबंध तास त्याच विषयावर जातो.

बेने इस्रायलांची कीर्तने १८८० पासून मुंबईत होऊ लागली, आणि आपल्यापैकी काही जणींना त्यातले एखादे पद म्हणून दाखवावेसे वाटेल. समाजकेंद्रात त्याला सहसा हरकत नसते. कार्यक्रम एखाद्या सनातनी सिनेगॉगमध्ये असेल, तर स्त्रीचे एकल गायन काही पुरुष श्रोते ऐकत नाहीत, म्हणून आयोजकांना आधी विचारावे. न विचारता सुरू केल्यास काही जण उठून बाहेर जातात आणि दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते.

माईक नाकारू नये. पुढे बसलेल्या अनेकांना श्रवणयंत्र लावलेले असते आणि सभागृहातील यंत्रणा त्या माईकलाच जोडलेली असते.

६. विक्रीचा करार आणि हिशेब

विक्रीचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात आपल्या प्रती केंद्राच्या दुकानाकडे ठेवायच्या आणि विक्रीनंतर ठरलेला वाटा घ्यायचा. दुसऱ्या प्रकारात आपणच टेबलावर पैसे घ्यायचे. पहिल्या प्रकारात दुकानाचा वाटा चाळीस टक्के असणे सर्रास आढळते. समजा पुस्तकाची किंमत अठरा डॉलर आहे. दुकानाचे सात डॉलर वीस सेंट वजा जाता आपल्याला दहा डॉलर ऐंशी सेंट मिळतात. त्यातून छपाई आणि टपालाचा खर्च वजा करून पाहावा, आणि काही उरत नसेल तर किंमत छापण्यापूर्वीच बदलावी. अठरा हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. हिब्रू अक्षरांच्या मूल्यांनुसार 'हाय' म्हणजे 'जिवंत' या शब्दाची बेरीज अठरा होते, आणि देणग्या व भेटी अठराच्या पटीत देण्याची ज्यू समाजात जुनी रीत आहे. ही किंमत पाहून वाचकांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू येते.

दुसऱ्या प्रकारात कार्ड घेण्याचे लहान यंत्र, सुटे पैसे, पावतीपुस्तक आणि आपल्या राज्याचा विक्रीकर भरण्याची तात्पुरती नोंदणी यांची व्यवस्था करावी लागते. ही नोंदणी लागते का, हे राज्याच्या महसूल खात्याकडे विचारावे.

करार कितीही लहान असो, तो लेखी असावा. दिलेल्या प्रतींची संख्या, वाटा, पैसे मिळण्याची मुदत आणि न विकल्या गेलेल्या प्रती कोणत्या तारखेपर्यंत परत न्यायच्या, या चार गोष्टी त्यात असाव्यात. एका ठिकाणी मी प्रती मोजून दिल्या, पण पोच घेतली नाही. परत घेताना पाच प्रती कमी भरल्या आणि माझ्याजवळ दाखवायला काहीच कागद नव्हता.

७. कार्यक्रमाच्या दिवशी

सुरक्षेसाठी वेळ हाताशी ठेवावा. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जणांची हत्या झाली, तेव्हापासून अमेरिकेतील ज्यू संस्थांच्या दारावरचा बंदोबस्त अधिकच वाढला आहे. ओळखपत्र, पिशव्यांची तपासणी आणि पाहुण्यांची आधी दिलेली यादी या गोष्टींकडे तक्रारीच्या नजरेने पाहू नये. बरोबर येणाऱ्या नातेवाइकांची नावे दोन दिवस आधी कळवावीत. पुस्तकांची खोकी आधी पोहोचवायची असतील तर त्यांवर आपले नाव आणि कार्यक्रमाचे नाव ठळक लिहावे, आणि कोणाच्या हाती द्यायची ते ठरवूनच जावे. दारात ठेवून निघून गेलेले बेवारस खोके तेथे मोठी धावपळ उडवते.

खाण्याच्या पदार्थांबाबत मी जे केले ते करू नये. आजीच्या पुस्तकाबरोबर मलिदा वाटावा म्हणून पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची आणि सुका मेवा घालून मी पहाटे उठून मोठा डबा भरून नेला होता. दारावरच्या बाईंनी अतिशय सौम्यपणे सांगितले, की इमारतीत केवळ देखरेखीखाली तयार झालेले कोशेर (ज्यू आहारनियमांना धरून असलेले) अन्नच वाटता येते, घरच्या स्वयंपाकघरातले नाही. डबा गाडीत ठेवावा लागला. मलिद्यात निषिद्ध असे काहीच नाही, पण नियम पदार्थाचा नसून स्वयंपाकघराचा आहे, हे मला तेव्हा समजले. काही ठेवायचेच असेल तर कोशेर शिक्का असलेली बंद पाकिटे चालतील का ते विचारावे, आणि मलिद्याची कृती छापून कागद वाटावेत.

पुस्तकखुणा किंवा पत्रके छापताना त्यांवर हिब्रूतील ईश्वराचे चार अक्षरी नाव घालू नये. असे कागद टाकून देता येत नाहीत, ते गेनिझात, म्हणजे जुने पवित्र कागद साठवण्याच्या जागेत, जमा करून विधिपूर्वक पुरावे लागतात, आणि वाटलेली पत्रके तर बहुधा कचऱ्यातच जातात. प्रार्थनेचा उतारा असलेली पुस्तके जमिनीवर ठेवू नयेत. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या घरांतील माणसांना ही सवय वेगळी लावावी लागणार नाही, पण टेबलाखाली उघड्या खोक्यात प्रती ठेवताना घाईत विसर पडतो.

टेबलासाठी पांढरी चादर, पुस्तक उभे ठेवण्याचा लहान स्टँड, सहीसाठी दोन पेने, कोकणचा नकाशा आणि मोठ्या अक्षरांत छापलेला किमतीचा फलक एवढे साहित्य पुरते. नकाशावर मुंबई आणि अलिबाग ठळक दाखवावेत. सही करताना वाचकाच्या नावाचे स्पेलिंग विचारावे, आणि शेजारी देवनागरीतही ते लिहून द्यावे. माझ्या टेबलाशी लोक त्याच कारणाने दुसऱ्यांदा येत, या वेळी नातवंडांची नावे घेऊन.

आपल्या शेजारच्या टेबलावरील लेखकाचे पुस्तक विकत घ्यावे किंवा निदान चाळावे. नंतरच्या वर्षी मला अर्जाची तारीख कळवणारे माझे शेजारीच होते.

८. कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस

न विकल्या गेलेल्या प्रती मुदतीच्या आत, मोजून आणि पोच घेऊन परत आणाव्यात. आयोजकांना आणि स्वयंसेवकांना आभाराचे पत्र त्याच आठवड्यात पाठवावे. केंद्राच्या किंवा जवळच्या सिनेगॉगच्या ग्रंथालयाला एक प्रत भेट द्यावी, आणि गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक लेखकांचा विभाग असेल तर तेथेही द्यावी. पैसे येण्यास एक-दोन महिने लागू शकतात. ठरलेली तारीख उलटल्यावर एकदा नम्रपणे स्मरण करून द्यावे.

लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना येथील नातेवाईक प्रती मागतीलच. एकेक प्रत टपालाने पाठवणे महाग पडते, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर एकगठ्ठा पाठवाव्यात.

आणि त्याच रात्री, घरी पोहोचल्यावर झोपण्यापूर्वी, लोकांनी टेबलाशी विचारलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवावेत, ज्याच्या-त्याच्या शब्दांत. माझ्या वहीत पहिल्या पानावर तो बैल आहे. दुसऱ्या वर्षीचा अर्ज मी त्या पानावरूनच लिहिला, आणि आता फेब्रुवारीत पुन्हा अर्ज मागवतील तेव्हा लागणारे आणखी सहा प्रश्न तिच्यात लिहून ठेवलेले आहेत.